डोळ्यात गॅस आहे तोवर घाट नको, आणि हे मराठीत लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आता फारसे कुणी घाबरत नाही. सकाळी नेले, दुपारी घरी आणले, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचून दाखवतात. घरोघरी हा अनुभव असल्यामुळे डोळ्याचे कोणतेही ऑपरेशन लोक याच मापाने मोजतात. पडद्याच्या ऑपरेशनचे माप निराळे आहे. पट्टी काढल्यावर डोळ्यासमोर हललेला हात कळला तरी पहिल्या दिवशी पुष्कळ झाले. पुढे दोन ते आठ आठवडे तो डोळा कामापुरता नसल्यातच जमा असतो, आणि डिस्चार्जच्या दिवशी बहुतेक घरांना हे ठाऊक नसते. कॉटभोवती मग "फसलं वाटतं" अशी कुजबुज सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे, ज्या दोन-तीन चुकांनी खरोखरच डोळा जाऊ शकतो त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत, कारण त्या मराठीत कुठे लिहिलेल्याच नसतात.

आम्ही डोळ्यांच्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरच्या सूचना रुग्णांना आणि घरच्यांना समजावण्याचे काम करतो. पत्र एकाच मागणीसाठी आहे. ज्याच्या डोळ्यात गॅस भरला आहे त्याला घरी सोडताना मराठीत लिहिलेले एक कार्ड हातात द्यावे. ते का, हे सांगायला थोडी जागा लागेल, तेवढी द्यावी.

पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ थर. तो कुठे फाटला की डोळ्यातले पाणी त्या फटीतून मागे शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. ऑपरेशनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तीन छिद्रांतून आतला चिकट जेल काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि फाटीभोवती लेसरचे ठिपके देतात. त्या ठिपक्यांचा व्रण पक्का धरायला १० ते १४ दिवस लागतात. सरस वाळेपर्यंत सुतार फळ्या शिकंज्यात आवळून ठेवतो, तसा तोवर पडदा कशाने तरी दाबून धरावा लागतो. ते काम गॅसचा फुगा करतो.

गॅस बहुधा दोनांपैकी एक असतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड हवेत सुमारे २० टक्के मिसळून भरला तर साधारण दोन आठवड्यांत विरतो. परफ्लुरोप्रोपेन सुमारे १४ टक्के मिसळून भरतात आणि तो सहा ते आठ आठवडे टिकतो. तुमच्या माणसाच्या डोळ्यात यांतला कोणता आहे, हे नाव डिस्चार्जच्या कागदावर असते. ते विचारून घ्यावे, कारण पुढचे सगळे दिवस त्यावरून मोजायचे आहेत. काहींना गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरतात. तेल आपोआप विरत नाही, ते काढायला बहुधा तीन ते सहा महिन्यांनी दुसरे ऑपरेशन लागते. तेलातून धूसर का होईना दिसते, आणि तेल आहे तोवर त्या डोळ्याचा नंबर प्लस पाच-सहापर्यंत जाऊ शकतो. घाट आणि विमान यांबद्दल पुढे जे लिहिले आहे ते तेलाला लागू नाही. "पोटात गॅस झाला तसा डोळ्यात झाला का?" असेही आम्हाला विचारले जाते. नाही, हा मुद्दाम भरलेला असतो.

गॅस असताना दिसत नाही याचे कारण साधे आहे. डोळ्याची भिंगे आतल्या पाण्याच्या हिशेबाने प्रकाश वळवतात. पाण्याच्या जागी वायू आला की तो हिशेब पार बिघडतो. फुगा लहान होऊ लागला की वरच्या बाजूने दिसायला लागते आणि खाली एक हलणारी रेघ उभी राहते. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा आठवा. तसे काहीसे, पण उलटे. डोळ्यात फुगा असतो वर आणि दिसतो खाली, कारण पडद्यावर चित्रच उलटे पडते. चालताना ती रेघ डचमळते, पायरी उतरताना नेमकी पायाशी येते. रुग्ण म्हणतात, "डोळ्यात पाणी भरलंय, ते हलतंय." घाबरायचे कारण नाही. रेघ रोज थोडी खाली सरकत असेल तर काम बरोबर चालले आहे. शेवटच्या दिवसांत ती रेघ जाऊन तळाशी एक गोल काळी कड असलेली गोळी उरते, कधी तिचे दोन-तीन तुकडे होतात, आणि एके सकाळी ती नसते. रेघ कुठवर आली ते रोज सकाळी एकाच खुर्चीत ताठ बसून, समोरच्या दाराकडे पाहून, कॅलेंडरवर मांडून ठेवले तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आता डोके ठेवण्याबद्दल. फुगा नेहमी वर तरंगतो, म्हणून फाट ज्या बाजूला असेल ती बाजू आकाशाकडे हवी. एवढे एक सूत्र कळले की बाकीचे पाठ करावे लागत नाही. फाट वरच्या भागात असेल तर ताठ बसायला सांगतात, डावीकडे असेल तर उजव्या कुशीवर. पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो तिथे छिद्र असेल, म्हणजे मॅक्युलर होल, तर तोंड जमिनीकडे. किती दिवस, हे छिद्राच्या आकारावर आणि सर्जनवर ठरते. तीन ते सात दिवस सांगितले जाण्याची शक्यता अधिक. तासातली पन्नास मिनिटे मान खाली आणि दहा मिनिटे जेवण, संडास, ड्रॉप यांसाठी, असा हिशेब धरावा. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी: उताणे झोपायचे नाही. उताणे झोपले की फुगा पुढे येऊन भिंगाला टेकतो. मूळ भिंग असेल तर त्यावर मोतीबिंदू चढतो, आणि पुढची वाट दाबली गेली तर डोळ्याचा दाब चढतो.

पालथे राहणे ऐकायला सोपे वाटते. दुसऱ्या दिवशी मान, तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते आणि चौथ्या दिवशी माणूस चोरून उताणा होतो. म्हणून तयारी ऑपरेशनच्या आधी करावी. डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी जुन्या सुती लुगड्याची चांगली जाड चुंबळ करा. ती कपाळाखाली आणि गालाच्या हाडाखाली येईल अशी ठेवली की नाक मोकळे राहते आणि डोळ्यावर भार येत नाही. छातीखाली लोड किंवा घट्ट गुंडाळलेली चादर, घोट्यांखाली एक लहान उशी. कोपरांवर भार देऊन तासन्‌तास पडू नये. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, आणि हा बधिरपणा डोळा बरा झाल्यावरही महिनाभर राहू शकतो. दिवसा पलंगापेक्षा टेबल बरे: खुर्चीत बसून, टेबलावर चुंबळ ठेवून तिच्यावर कपाळ टेकायचे. मोबाइल जमिनीवर ठेवला तर दुसऱ्या डोळ्याने खुशाल पाहता येतो. समोर बसलेल्याशी बोलायला मांडीवर दाढीचा आरसा ठेवला की चेहरा दिसतो. पाहुणा आल्यावर मान वर होण्याची सवय त्याने बरीच मोडते. तासातून दहा वेळा पावले घोट्यात वरखाली करावीत, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. मधुमेही आणि वजनदार माणसांनी तर चुकवूच नये. जेवण थोडे थोडे आणि बसून. भरल्या पोटी पालथे पडले की जळजळ ठरलेली.

रात्री झोपेत कूस बदलते, त्याला इलाज जुनाच आहे. सदऱ्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, आतून खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवायचा. उताणे झाले की टोचतो आणि झोपेतच कूस वळते.

अंघोळ मानेखाली. मोतीबिंदूनंतर "डोकं मागे करून केस धुवा, म्हणजे पाणी डोळ्यात जाणार नाही" असे सांगतात, तेच इथे आठवणीने केले जाते. गॅस असताना मान मागे टाकून दहा मिनिटे बसणे आणि उताणे झोपणे यांत फरक नाही. दोन आठवडे केस ओल्या पंच्याने पुसून काढावेत. न्हाव्याकडेही नकोच.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिले तो. बाहेरची हवा विरळ झाली की बंद वायू फुगतो. डोळ्याचा गोळा मात्र फुगू शकत नाही. त्याची पोकळी साधारण चार मिलीलिटरची आणि भिंती ताठ. मग वाढतो तो दाब. विमानाच्या केबिनमधली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ असते. २,४०० मीटरला वायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश फुगतो. डोळ्यात तेवढी जागा नाही. दाब इतका चढू शकतो की पडद्याला रक्त नेणारी मुख्य धमनी बंद पडते, आणि ती काही काळ बंद राहिली तर त्या डोळ्याची दृष्टी परत येत नाही. विमान नको, हे बहुतेक डॉक्टर तोंडी सांगतात आणि बहुतेक रुग्ण लक्षातही ठेवतात, कारण विमान आयुष्यात एखाद्या वेळचे असते.

घाटाचे तसे नाही. मुंबईला ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी गाडीने पुण्याला किंवा नाशिकला घरी जाणारे कितीतरी आहेत. त्यांना आपण डोंगर चढतो आहोत असे वाटतच नाही, रस्ता सरळ असतो आणि गाडीत एसी असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एवढ्या चढाने फुगा जवळजवळ सात टक्के वाढतो. डोळ्यात साडेतीन मिलीलिटर गॅस असेल तर सात टक्के म्हणजे पाव मिलीलिटरच्या आसपास, ड्रॉपच्या बाटलीतले पाच थेंब. ऐकायला काहीच नाही. पण डोळ्यातले पाणी मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर या गतीने बाहेर झिरपते. एक थेंब जायला वीस मिनिटे. पाच थेंबांची जागा व्हायला दीड-पावणेदोन तास हवेत, आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ एक्सप्रेसवेने वीस मिनिटांत उरकतो. दाब वाढला की पाणी जरा जोराने झिरपते हे खरे, पण ज्याचा झिरपा आधीच तुंबलेला आहे, म्हणजे काचबिंदूचा रुग्ण, त्याला ही सवलत नाही. कसारा घाटाने नाशिक, आंबोलीने किंवा चोर्ल्याने बेळगाव, हिशेब थोड्याफार फरकाने हाच. पुण्यातच ऑपरेशन झालेल्या माणसाला रविवारी नातवंडांबरोबर गाडीने सिंहगडावर नेणे म्हणजे आणखी साडेसातशे मीटर. महाबळेश्वरही तसेच.

कोकणातल्या रुग्णांची गोष्ट उलटी आणि म्हणून जास्त फसवी. रत्नागिरीचा माणूस कोल्हापूरला ऑपरेशन करून आंबा घाटाने खाली उतरतो. उतरताना फुगा आक्रसतो, त्रास होत नाही, सगळे निर्धास्त होतात. आक्रसलेल्या फुग्याने मोकळी केलेली जागा काही तासांतच डोळ्याचे पाणी भरून काढते. आठवड्याने तपासणीला पुन्हा घाट चढायचा असतो. गॅस परफ्लुरोप्रोपेन असेल तर आठव्या दिवशीही डोळा बराचसा भरलेलाच असतो, आणि आता फुगायला जागा नाही. "जाताना काही झालं नव्हतं" हे वाक्य त्यामुळे कामाचे नाही.

प्रत्येक घाटात डोळा जातो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळजण डोके दुखण्यावर निभावतात. पण कुणाचे निभेल आणि कुणाचे नाही हे गाडीत बसून ठरत नाही. ते ठरवायला सर्जनला ठाऊक असावे लागते की रुग्ण घरी कोणत्या रस्त्याने जाणार आहे. केसपेपरवर पत्ता असतो, रस्ता नसतो. म्हणून तारीख ठरवतानाच सांगावे: आम्हाला घाट चढून जायचे आहे. त्यावरून डॉक्टर लवकर विरणारा गॅस निवडू शकतात, तेलाचा विचार करू शकतात, किंवा फुगा ठरावीक रेघेखाली येईपर्यंत ऑपरेशनच्या गावातच राहायला सांगतात. नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, कुठेही. मधल्या तपासणीला घाट चढावा लागत असेल तर त्याच सपाटीवरच्या नेत्रतज्ज्ञाकडून दाब मोजून आकडा फोनवर कळवण्याची सोय विचारावी. दहा ते एकवीस हा नेहमीचा दाब, त्यावर काही आला की सर्जन सांगतील ते. जायलाच लागले तर कुठे किती थांबायचे आणि दाबाची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. ती गोळी बहुधा अ‍ॅसिटाझोलामाइड असते. तिने हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ती चालत नाही. शेजाऱ्याची उरलेली पट्टी आणून घेण्याची गोळी नव्हे.

दाब चढल्याची खूण घरात ओळखली जात नाही, त्याला कारण आहे. डोळा ठणकतो, भुवई आणि अर्धे कपाळ दुखते, मळमळते, उलटी होते. उलटी झाली की आपल्याकडे निदान ठरलेले: पित्त झाले. लिंबू-सरबत, सोडा, अ‍ॅसिडिटीची गोळी, अंधाऱ्या खोलीत झोप, आणि झोप तीही उताणी. सकाळपर्यंत डोळ्याला जे व्हायचे ते होऊन जाते. गॅस भरलेल्या माणसाला ऑपरेशननंतर डोळेदुखीबरोबर उलटी झाली तर ती रात्री दोन वाजताही डोळ्याचीच समजावी आणि फोन करावा.

दुसरा धोका घाटापेक्षा दुर्मीळ, पण कुणालाच माहीत नसलेला. गॅस असताना पाय मोडला, अपेंडिक्स सुजले, बाळंतपण आले आणि पूर्ण भूल द्यावी लागली, तर भुलीत नायट्रस ऑक्साइड वापरता कामा नये. हा वायू रक्तातून डोळ्यातल्या फुग्यात झपाट्याने शिरतो आणि फुगा मिनिटांत वाढवतो. दाताच्या दवाखान्यात लाफिंग गॅस म्हणतात तो हाच. बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही की माझ्या डोळ्यात गॅस आहे. म्हणून काही रुग्णालये मनगटावर पट्टा बांधतात. तो इंग्रजीत असला तरी चालेल, तो भूलतज्ज्ञासाठी आहे.

आता डिस्चार्जच्या कागदाविषयी, कारण आमची मागणी त्यातूनच निघते. इंग्रजी अक्षरे कशीबशी लावणाऱ्याच्या हातात तो कागद जातो. त्यावर "ओडी" असते. डोळ्यांच्या भाषेत ओडी म्हणजे उजवा डोळा, औषधांच्या भाषेत ओडी म्हणजे दिवसातून एकदा. एकाच कागदावर वर एका अर्थाने, खाली दुसऱ्या अर्थाने. सुशिक्षित मुलगा घरी बसून सहा वेळा घालायचा ड्रॉप एकदाच घालतो तो या अक्षरांमुळे. "क्यूआयडी" म्हणजे चारदा आणि "एचएस" म्हणजे झोपताना, हे मेडिकलवाल्याला ठाऊक असते, पण तो बाटल्या पिशवीत घालतो आणि पिशवीवर काही लिहीत नाही.

ड्रॉपचे घरच्या घरी असे करावे. बाटलीला जितके रबरबँड तितक्या वेळा तो ड्रॉप. स्टेरॉइडचा ड्रॉप आठवड्याला एकेक वेळेने कमी करायला सांगतात. ठरलेल्या वारी एक रबरबँड काढून टाकायचा. दिसत नसले तरी बोटाला कळते. स्टेरॉइडच्या काही बाटल्यांत औषध दुधासारखे पांढरे असते. त्यातले औषध तळाला बसते, म्हणून प्रत्येक वेळी वीसदा हलवावी, नाहीतर पहिला आठवडा नुसते वरचे पाणी जाते आणि शेवटच्या आठवड्यात सगळे औषध एकदम. खालची पापणी बोटाने ओढून झोळी करायची, एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरायचा. झोळीत एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. ड्रॉप घालताना अर्धा मिनिट मान मागे गेली तर चालते, पण रुग्णाला खाटेवर उताणे करून ड्रॉप घालणारी घरे आहेत, तसे नको. उघडलेली बाटली महिन्याने फेकावी, अर्धी उरली असली तरी. आणि "त्या ड्रॉपने बरं वाटत होतं" म्हणून स्टेरॉइडची नवी बाटली स्वतःहून आणू नये. काहींचा दाब दोन-तीन आठवड्यांनंतर त्या ड्रॉपनेच चढतो, तोही न दुखता.

एका डोळ्यावर निभावायचे दिवस वेगळेच असतात. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. चहा कपात ओतताना धार कपाबाहेर जाते: किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतावी. जिना चढताना नाही, उतरताना पाय चुकतो. शेवटची पायरी कुठली ते कळत नाही, आणि फुग्याची रेघ भर घालते. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा बोटभर पट्टा ओढला तर दोनशे-तीनशे रुपयांत महिनाभराची निश्चिंती. ऑपरेशनच्या डोळ्याच्या बाजूचा कडेचा भाग अजिबात दिसत नाही, म्हणून उघडे दार, कपाटाचे पल्ले, शेजारून येणारी सायकल नेमकी तिकडूनच आपटते. जेवायला बसताना चांगल्या डोळ्याच्या बाजूला माणसे बसावीत, बोलायला यायचे तर त्याच बाजूने. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवावी. दुचाकी, चारचाकी फुगा पूर्ण जाऊन डॉक्टरांनी तपासेपर्यंत बंद. शेतातली, गोठ्यातली, चुलीसमोरची कामे किती दिवस बंद हे विचारून घ्यावे. शेण-मातीचा हात डोळ्याला लागणे हा घाटाइतकाच मोठा धोका आहे. पू होणारा संसर्ग बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच होतो, आणि त्यात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

काय ठीक आणि काय नाही, याचा गोंधळ रोजचा. लाली, पाणी येणे, वाळू गेल्यासारखे खुपणे, सकाळी पापण्या चिकटणे हे पहिले दहा-बारा दिवस चालायचेच. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, दिसत आलेले पुन्हा अंधुक होणे, एका कडेने काळी सावली सरकत येणे यांत वाट पाहायची नाही. वांगे, आंबट, डाळ खाल्ल्याने डोळ्यात पू होत नाही. साखर वाढल्याने जखम भरायला वेळ लागतो, म्हणून मधुमेह सांभाळावा. बाकी पथ्याचा डोळ्याशी संबंध नाही. मध, गुलाबपाणी, काजळ मात्र डोळ्याजवळही नको. दुसऱ्या डोळ्याने टीव्ही पाहिला, वाचले म्हणून ऑपरेशनचा डोळा "शिणत" नाही. "अजिबात हलायचं नाही" हा आजीचा सल्लाही जुन्या काळचा आहे. तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस निजवून ठेवत, तेही उताणे. आजी चुकीचे सांगत नाही, दुसऱ्या ऑपरेशनचे सांगते.

फुगा विरल्यावर लगेच सगळे लख्ख दिसेल असेही नाही. पडद्याचा मधला भाग सुटला होता की नाही यावर ते ठरते. सुटला असेल तर दृष्टी काही महिने हळूहळू सुधारत राहते, खिडकीचे गज मध्ये वाकलेले दिसतात, अक्षर लहान-मोठे वाटते. या काळात घाईने नंबर काढून चष्मा करणे म्हणजे पैसे पाण्यात; दोन महिन्यांनी तो नंबर नसतो. शिवाय पन्नाशीपुढच्या बहुतेकांना या ऑपरेशननंतर दोनेक वर्षांत त्याच डोळ्यात मोतीबिंदू येतो. ते आधी सांगितले नाही तर "पडद्याच्या ऑपरेशनने डोळा बिघडला" असा शिक्का बसतो.

हे सगळे डिस्चार्जच्या धावपळीत, बिलाच्या खिडकीसमोर, पाच मिनिटांत तोंडी सांगितले जाते. सांगणारा कितीही मनापासून सांगो, ऐकणाऱ्याचे अर्धे लक्ष गाडीकडे असते. म्हणून कार्ड. मोठे नको, पोस्टकार्डाएवढे, ठळक टायपात:

"माझ्या उजव्या / डाव्या डोळ्यात (गॅसचे नाव) दिनांक ____ रोजी भरला आहे. तो अंदाजे दिनांक ____ पर्यंत राहील. तोवर विमानप्रवास नाही. ____ मीटरपेक्षा जास्त चढ नाही. भुलीत नायट्रस ऑक्साइड देऊ नये. उताणे झोपायचे नाही. डोके असे ठेवायचे: ____. डोळा दुखून उलटी झाली तर लगेच फोन: ____."

छपाईला फारसा खर्च नाही. रिकाम्या जागा सर्जननेच भराव्यात, विशेषतः मीटरची, कारण ती प्रत्येकाची वेगळी. रुग्णालये कार्ड छापेपर्यंत वरचा मजकूर आपण चौकटीत छापलात तर लोक कापून नेतील आणि डॉक्टरांकडून भरून घेतील. कार्ड आधार कार्डाबरोबर खिशात असावे, कपाटात नको. मनगटावरचा पट्टा असेल तर तो लग्नकार्याला बरा दिसत नाही म्हणून घरी कात्री लावू नये. डोळ्यातली गोळी दिसेनाशी झाली आणि डॉक्टरांनी "गॅस गेला" अशी नोंद केसपेपरवर केली, की तो दवाखान्यातच कापून घ्यावा.

आपल्या,
नेत्ररुग्णालयांच्या पडदा विभागांत काम करणाऱ्या काही परिचारिका आणि समुपदेशक, पुणे